यीस्टच्या पोटातले तेल

पहिल्या महायुद्धाला आमच्या सीमाभागातली जुनी माणसे 'जर्मनची लढाई' म्हणत. मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेलेल्या शिपायांच्या गोष्टी इथल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. कुट अल अमाराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) अन्नान्न दशा झालेल्या फौजेत मराठे होते, हे आपण ऐकून असतो. पण ज्या जर्मनीच्या नावाने ती लढाई ओळखली गेली, तिथल्या चुलीवर त्या चार वर्षांत काय शिजत होते, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. जवळजवळ तीस वर्षे मी इतिहास शिकवतो आहे. तह, तारखा, आघाड्या, नकाशे हे सगळे फळ्यावर येते. लोणी काही येत नाही. आणि त्या लढाईत लोण्याचा प्रश्न दारूगोळ्याच्या प्रश्नाइतकाच बिकट होता. किंबहुना ते दोन्ही प्रश्न एकाच मुळाशी जाऊन मिळत होते.

आज हा विषय घेण्याचे निमित्त निराळे आहे. गेली काही वर्षे वर्तमानपत्रांच्या विज्ञानाच्या पानावर एक बातमी वरचेवर दिसते. कचरा, सांडपाणी, शेतातला पालापाचोळा अशा टाकाऊ मालावर यीस्ट वाढवायचे, त्या यीस्टच्या पेशींत साठलेले तेल काढायचे आणि त्यावर मोटारी व विमाने चालवायची, असा तिचा आशय असतो. बातमीत 'नवा शोध' हे शब्द हमखास असतात. इतिहासाच्या माणसाला 'नवा' हा शब्द दिसला की जरा खाजच सुटते. म्हणून या शोधाचे मूळ धुंडाळत मागे मागे गेलो, आणि येऊन पोचलो तो थेट बर्लिनमध्ये, त्या जर्मनच्या लढाईत.

यीस्ट आपल्याला परके नाही. मराठीत त्याला किण्व म्हणतात, पण तो शब्द पुस्तकातच राहिला. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेने पावाचे पीठ फुगवत, ती करामत सुरेतल्या यीस्टची. साखर कारखान्याच्या शेजारच्या डिस्टिलरीत मळीची दारू होते तीही यीस्टच्याच जोरावर. साखर खायची, मद्यार्क आणि वायू सोडायचा, हा त्याचा आपल्याला माहीत असलेला धंदा. पण यीस्ट ही एक जात नव्हे. ते मोठे गणगोत आहे. त्यातल्या काही मोजक्या जाती साखर खाऊन अंगात तेल साठवतात.

अशा जातींकडे पहिल्यांदा उपयोगाच्या नजरेने पाहिले ते पाउल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने. लिंडनर (१८६१ ते १९४५) बर्लिनच्या किण्वन-उद्योग संस्थेत सूक्ष्मजीवांचे काम पाहत. मूळची ही संस्था बिअर आणि मद्यार्कवाल्यांच्या मदतीसाठी होती. पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून एक वेगळे यीस्ट शोधून १८९३ साली त्यांनी त्याला 'पोम्बे' हे नाव दिले. स्वाहिली भाषेत पोम्बे म्हणजे बिअर. (याच पोम्बेवर काम करून पॉल नर्स यांना २००१ सालचे नोबेल मिळाले, पण ती वेगळी कथा.) याच लिंडनरांनी युद्धकाळात 'एंडोमायसेस व्हर्नालिस' नावाचा एक यीस्टसारखा जीव हाती घेतला. झाडांच्या खोडातून वसंतात जो रस पाझरतो, त्यात तो वाढतो. व्हर्नालिस म्हणजे वसंतातला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींत तेलाचे चकचकीत थेंब दिसत. शांततेच्या काळात कोणी ते पाहून 'वा!' म्हणाले असते आणि काचपट्टी धुऊन टाकली असती. पण तो शांततेचा काळ नव्हता.

ब्रिटिश आरमाराने १९१४ पासून जर्मनीची समुद्राकडची वाट अडवली. जर्मनीला लागणाऱ्या तेलबिया आणि चरबी मोठ्या प्रमाणात बाहेरून येत, त्या थांबल्या. मग सरकारने विद्वानांना कामाला लावले. विद्वानांनी हिशेब मांडला की बटाटा आणि धान्य खाणारी डुकरे ही माणसाच्या ताटातली वाटेकरी आहेत. झाले! १९१५ च्या वसंतात लाखोंनी डुकरे कापली गेली. जर्मन इतिहासात या प्रकाराला 'डुकरांचे हत्याकांड' असेच नाव आहे. कागदावर हिशेब चोख होता. पण जर्मन माणसाला चरबी मिळे ती मुख्यतः डुकरापासूनच, ही साधी गोष्ट एखाद्या शेतकरणीला विचारली असती तरी तिने सांगितली असती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बर्लिनमध्ये लोण्याच्या दुकानांपुढे दंगली झाल्या. १९१६ साली बटाट्याचे पीक बुडाले आणि पुढचा हिवाळा लोकांनी गुरांच्या सलगमावर काढला. शाळेतली मुले फळांच्या कोया आणि आठळ्या गोळा करून आणत, त्यांतून तेल काढण्यासाठी. नाकेबंदीने मेलेल्या नागरिकांचा आकडा जर्मन सरकारने ७ लाख ६३ हजार असा दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो बराच खाली, ४ लाखांच्या आसपास आणला. खालचा आकडा धरला तरी अंगावर काटा येतो.

लिंडनर ज्या संस्थेत होते तिचे प्रमुख माक्स डेलब्रुक. हे आडनाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटेल, कारण युद्धकलेचा मोठा इतिहास लिहिणारे हान्स डेलब्रुक हे यांचे सख्खे भाऊ. एक भाऊ लढायांचा इतिहास लिहीत होता आणि दुसरा यीस्टने लढाई जिंकता येईल का ते पाहत होता. माक्स डेलब्रुक यांनी १९१५ साली 'खनिज यीस्ट' जाहीर केले. साखर आणि अमोनियाचे क्षार दिले की यीस्ट भराभर वाढते, आणि ते वाळवून माणसांना व जनावरांना प्रथिन म्हणून खाऊ घालता येते, अशी ती योजना. लिंडनरांचा जीव याच्या पुढची पायरी होता. एकाने प्रथिन द्यायचे, दुसऱ्याने चरबी. गाय नको, डुक्कर नको, शेत नको.

कल्पना तशी वेडगळ नव्हती. युद्धापूर्वी जर्मनी बीटची साखर निर्यात करी. निर्यात बंद पडल्यावर सुरुवातीला देशात साखर पुरेशी आणि चरबी तोकडी, अशी अवस्था होती. मग साखरेची चरबी करणारा जीव हवाच होता. लिंडनरांचा जीव ते करीत होता, पण त्याच्या तालावर नाचावे लागे. त्याला भरपूर हवा लागे, म्हणून तो पसरट, उथळ परातींत पृष्ठभागावर वाढवावा लागे; खोल पिंपात तो तेल धरीत नसे. कारखाना म्हटला की पिंपे आली, आणि इथे तर परातींवर पराती! एका शहराला लोणी पुरवायला किती एकर पराती लागतील, याचा विचार करून पाहावा. प्रयोग झाले, थोडा मालही निघाला, पण त्यातून जर्मनीची भूक भागली नाही.

आता हे तेल पेशीत साठते कसे, ते सांगायला हवे. ते समजले नाही तर पुढचा शंभर वर्षांचा इतिहास समजत नाही. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला ते एका दुपारी स्टाफरूममध्ये समजावले, आणि त्यांचा दृष्टांतच मी इथे वापरतो. एखाद्या घरी साखरेची पोती पडली आहेत, पण भिंत बांधायला विटा संपल्या आहेत. कुटुंब वाढू शकत नाही, कारण नवी खोली नाही. मग ते साखर तरी साठवून ठेवते. यीस्टच्या विटा म्हणजे नत्र. प्रथिने नत्राशिवाय होत नाहीत आणि प्रथिनांशिवाय नवी पेशी होत नाही. भोवती साखर भरपूर पण नत्र संपलेले, अशी वेळ आली की यीस्टची वाढ थांबते. साखर मात्र ते आत घेतच राहते आणि तिची चरबी करते. म्हणजे भरल्या ताटावरचा उपास. हे नेमके कसे घडते याचा उलगडा व्हायला १९७९ साल उजाडले. इंग्लंडातल्या हल विद्यापीठाचे कॉलिन रॅटलेज आणि त्यांचे सहकारी बोथम यांनी दाखवले की नत्र संपताच पेशीतल्या ऊर्जेच्या साखळीची एक कडी अडते, मग सायट्रेट साचते, आणि त्याचे तुकडे करणारे एक खास विकर तेलकट जातींत असते. पावाच्या यीस्टमध्ये ते नसते. म्हणून पोदेराचे यीस्ट कितीही उपाशी ठेवले तरी तेलाचे भांडार होत नाही. पेशीच्या कोरड्या वजनात पाचव्या हिश्शाहून जास्त तेल असेल तर ती जात 'तेलकट' म्हणायची असा संकेत आहे. काही जाती साठ टक्क्यांच्याही वर जातात.

आणि आता खरा आकडा. शंभर किलो साखर दिली तर कागदी हिशेबाने जास्तीत जास्त बत्तीस-तेहतीस किलो चरबी मिळू शकते. प्रत्यक्षात वीस-बावीस किलो मिळाली तरी चांगली. म्हणजे पाच किलो साखरेला एक किलो तेल. वाचकहो, हा पाचास एकचा हिशेब लक्षात ठेवा. या विषयातल्या सगळ्या यशापयशाची गुरुकिल्ली तीच आहे.

१९१६ नंतरच्या जर्मनीत हा हिशेब क्रूर झाला. बीटचे पीक घटले, साखर शिधापत्रिकेवर आली. अमोनिया स्फोटकांना हवा होता, त्यामुळे डेलब्रुकांच्या यीस्टला तो मिळेना. आणि साखरेलाही एक बडा गिऱ्हाईक येऊन उभा राहिला. नायट्रोग्लिसरीन करायला ग्लिसरीन लागते. ग्लिसरीन निघते चरबीतून, आणि चरबी तर नव्हती. तेव्हा कॉन्स्टाइन आणि ल्युडेके या दोघांनी यीस्टलाच या कामाला जुंपले. आंबणाऱ्या साखरेत सोडियम सल्फाइट घातले की यीस्ट मद्यार्काबरोबर मोठ्या प्रमाणात ग्लिसरीनही करते. असे का होते, याची रसायनशास्त्रीय उकल कार्ल नॉयबर्ग यांच्या संशोधनातून झाली. युद्ध संपेपर्यंत हे ग्लिसरीन महिन्याला हजार टनांच्या घरात निघू लागले होते. साखर तीच, यीस्टच्याच कुळातले जीव. एकाने पोळीवरचा तुपाचा थेंब द्यायचा, दुसऱ्याने तोफेच्या तोंडचा बार. सरकारने कोणाला साखर दिली हे सांगायला नको. परातीतले तेल हरले ते परातीमुळे खरेच, पण निव्वळ परातीमुळे नव्हे. (नॉयबर्ग ज्यू होते. ज्या देशाला त्यांच्या विद्येने ग्लिसरीन मिळाले, त्याच देशाने १९३४ साली त्यांना संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर केले. १९५६ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले.)

नाकेबंदी १९१९ साली उठली आणि जहाजांतून पुन्हा तेलबिया व चरबी येऊ लागली. बाजारात स्वस्त मार्गारिन मिळू लागल्यावर परातीतल्या चरबीची आठवण कोणाला राहणार? लिंडनरांनी १९२२ साली या विषयावर लेख लिहिला, पण ते शास्त्रज्ञाचे समाधान झाले. हेच नाटक दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लागले. जर्मनीत दह्या-ताकावर वाढणारी बुरशी चीजच्या निवळीवर आणि कागद कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढवण्याचे प्रयोग झाले. कोळशापासून लोणी करण्याचा कारखानाही विटन या गावी निघाला. स्वीडनमध्ये लुंडिन यांनी एका लालसर यीस्टपासून चरबी काढण्याचे काम केले. युद्ध संपले, जहाजे सुटली, पडदा पडला. अमेरिकेत रॉबर्ट स्टार्की यांनी १९४६ साली मातीतून एक तेलकट यीस्ट शोधले. आज त्यांच्या नावाने ते ओळखले जाते, पण त्या काळी ती एक शास्त्रीय नवलाई होती, इतकेच.

यानंतर जे घडले त्याची मला फार गंमत वाटते. खनिज तेल इतके स्वस्त झाले की माणसाने गणितच उलटे केले. ब्रिटिश पेट्रोलियमच्या फ्रान्समधल्या लाव्हेरा इथल्या केंद्रात शांपान्या यांनी खनिज तेलातल्या मेणावर यीस्ट वाढवले, अन्न म्हणून! पेट्रोलियमपासून प्रथिन करून जगाची भूक भागवायची, असे स्वप्न साठच्या दशकात गाजले. सार्डिनिया बेटावर वर्षाला एक लाख टन क्षमतेचा कारखाना उभा राहिला. तेवढ्यात १९७३ चे तेलसंकट आले, शिवाय हे अन्न सुरक्षित आहे का यावर इटलीत वाद पेटला, आणि तो कारखाना काही धडपणे चालला नाही. या कामात वापरलेल्या यीस्टपैकी एकाचे आजचे नाव यारोविया लिपोलिटिका. आज खरकट्यापासून तेल करण्याच्या प्रयोगांत सगळ्यात जास्त वापरला जातो तो हाच जीव. ज्याला आपण पेट्रोल पाजून अन्न मागत होतो, त्यालाच आता अन्नाचे उष्टे घालून पेट्रोल मागतो आहोत. त्याने दोन्ही वेळा तक्रार केली नाही.

पाचास एकचा हिशेब ज्यांनी मुकाट्याने मान्य केला ते रॅटलेज. त्यांचे म्हणणे असे की साखरेपासून स्वस्त तेल करण्यात अर्थ नाही. महाग तेल करा. चॉकलेटात लागणारे कोकोचे लोणी महाग असते, तर यीस्टकडून त्याच्यासारखी चरबी करून घ्या. आणि यीस्टला साखर विकत घेऊन घालण्यापेक्षा चीज केल्यावर उरणारी निवळी घाला. ती निवळी ओढ्यात सोडली तर प्रदूषण होते. तिच्यात दुधातली साखर असते आणि नत्र कमी. निवळीवर चांगले तेल धरणारे यीस्ट अमेरिकेतल्या आयोवात मून आणि हॅमंड यांनी १९७८ साली पुढे आणले होते. दुग्धव्यवसायाचा देश असलेल्या न्यूझीलंडमध्ये त्यावर मोठ्या प्रमाणात चाचण्या झाल्या. सगळे जमून आले असे वाटत होते, आणि कोकोच्या लोण्याचा भाव उतरला. १९८५ साली इंग्लंडात एका बुरशीपासून औषधी गुणाचे तेल काढून विकायला सुरुवात झाली; पाच-सहा वर्षांत तसलेच तेल एका वनस्पतीच्या बियांतून स्वस्तात मिळू लागले आणि तेही थांबले. टिकली ती फक्त बाळांच्या दुधाच्या भुकटीत घालतात ती तेले, शैवालापासून आणि बुरशीपासून काढलेली. आईबाप बाळासाठी किंमत मोजतात. ट्रकवाला डिझेलसाठी मोजत नाही.

इंधन म्हणून वनस्पतीचे तेल चालते हे जगाने १९०० सालीच पाहिले होते. पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. चमत्कार असा की ते इतके सुरळीत चालले की फारसे कोणाच्या लक्षातच आले नाही. खनिज तेल स्वस्त असेपर्यंत त्याची कोणाला गरजही नव्हती. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला तेव्हा जुनी दप्तरे पुन्हा उघडली. त्याच सुमाराला मका आणि खाद्यतेल गाड्यांना घालायचे की माणसांना, हा वाद जगभर माजला, आणि म्हणून 'टाकाऊ' या शब्दाला सोन्याचे दिवस आले. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २०१२ साली पोर्वो इथे पेंढ्यासारख्या टाकाऊ मालापासून सूक्ष्मजीवांचे तेल काढणारा प्रायोगिक कारखाना सुरू केला. आज मात्र त्या कंपनीचा मोठा व्यापार चालतो तो मुख्यतः वापरलेल्या तळणीच्या तेलावर आणि जनावरांच्या चरबीवर. अमेरिकेत स्टेफनोपुलोस यांच्या गटाने यारोवियाच्या जनुकांत फेरफार करून २०१७ साली लिटरमागे सुमारे ९९ ग्रॅम तेलापर्यंत मजल मारली. लिंडनरांच्या परातीच्या मानाने ही झेप फार मोठी आहे. पण त्या यीस्टच्या ताटात काय होते? शुद्ध ग्लुकोज.

कुणी विचारील, साखरच घालायची तर मद्यार्क काय वाईट? हा प्रश्न रास्त आहे. शंभर किलो साखरेचे कागदोपत्री एक्कावन्न किलो मद्यार्क होते, त्याला हवा फुंकावी लागत नाही, पेशी फोडावी लागत नाही, आणि साखरेतली ऊर्जाही त्यात जास्त टिकते. म्हणून आपल्या देशाने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा रस्ता धरला आणि २०२५ साली वीस टक्क्यांपर्यंत मजल मारली. पण मालाचा ट्रक आणि विमान मद्यार्कावर चालवणे कठीण. त्यांना तेलासारखे दाट इंधन लागते. आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का जैविक इंधन मिसळण्याचे लक्ष्य भारताने जाहीर केले आहे. यीस्टच्या तेलाची खरी जागा असेल तर तिथे.

मग खरकट्यावर यीस्ट वाढवायला अडचण कोणती? एक तर खरकट्यात डाळ असते, मांस-मासळी असते, म्हणजे नत्र असते. पोटभर नत्र मिळाले की यीस्ट तेल धरीत नाही, पोरेबाळे वाढवते. यावर जी युक्ती काढली आहे तिचे नाते आपल्या गोबरगॅसशी आहे. हवाबंद टाकीत घाण कुजते तेव्हा आधी तिची आम्ले होतात, व्हिनेगरमधल्या आम्लासारखी, आणि मग त्या आम्लांचा वायू होतो. ही प्रक्रिया मध्येच थांबवायची, वायू होऊ द्यायचा नाही, आणि ती आम्ले गाळून तेलकट यीस्टला पाजायची. आम्ल फार झाले तर यीस्टलाच बाधते, पातळ राहिले तर पाणीच पाणी. त्यामुळे ही कसरत अजून प्रयोगशाळेच्या अंगणातच आहे. या टाकीचा एक जुना धागा मात्र मुंबईत सापडतो. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला वायू धरून वापरात आणला गेला. हे कुष्ठधाम १८९० साली उभारणारे अधिकारी म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅकवर्थ. आपल्याला ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहेत: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे जमवून छापणारे अॅकवर्थ ते हेच. तानाजीचा पोवाडा जतन करणारा माणूस आणि मैल्यातून उजेड काढणारी संस्था यांची गाठ अशी पडते.

आता आपल्या भागाचे. बेळगाव जिल्हा उसाचा, आणि मळी ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची 'टाकाऊ' वस्तू. पण ती आज टाकाऊ आहे का? डिस्टिलरीला ती हवी, जनावरांच्या खाद्याला ती हवी. तिचा भाव ठरतो, तिच्यावर सरकारचे हुकूम निघतात. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. त्या मधल्या महिन्यांत रस कोणाचा, साखरेचा की गाडीचा, हा प्रश्न इथल्या कारखान्यांच्या कार्यालयांत तसाच उभा होता, जसा १९१६ साली बर्लिनच्या सचिवालयात होता. लिंडनरांच्या परातीपुढे शंभर वर्षांनी आपणही रांगेत आहोत.

प्रयोगशाळेत पेंढा हा टाकाऊ माल असतो. खानापूर भागात भाताचे पिंजर टाकाऊ आहे असे एखाद्या म्हशीवाल्याला सांगून पाहावे. उसाचे वाडे, ज्वारीचा कडबा, भुईमुगाचा पाला, याला आपल्याकडे मालक आहे आणि खाणारे तोंडही आहे. आमच्या शाळेत अक्षर दासोहचे जेवण शिजते. विज्ञानाच्या बाईंच्या मनात आले की उरलेल्या भात-सांबाऱ्यावर मुलांना आंबवणाचा प्रयोग दाखवावा. स्वयंपाकाच्या मावशींनी बादली द्यायला साफ नकार दिला. "ती कल्लव्वाच्या म्हशीची हाय, बाई," एवढेच त्या म्हणाल्या. कल्लव्वा रोज दोन वाजता फाटकाशी येते, आणि तिच्या म्हशीचे दूध स्टाफरूमच्या चहात असते. प्रयोगासाठी बाईंनी घरून भात आणला.

तेव्हापासून नववीच्या वर्गाला मी एक काम देतो. गावात काय काय टाकले जाते आणि ते कोण नेते, याची यादी करायची. दोन रकाने आखायचे. पहिल्या वर्षी सव्वीस मुलांच्या वह्या तपासल्या तेव्हा दुसरा रकाना बहुतेक भरलेला निघाला: वाडे बैलांना, हॉटेलातले उष्टे डुकरे पाळणाऱ्याला, तळणीचे काळे झालेले तेल कोपऱ्यावरच्या दुसऱ्या गाड्याला (हे वाचून मी त्या गाड्यावरची भजी सोडली), गुऱ्हाळाची चिपाडे गुऱ्हाळाच्याच चुलाणाला. 'कोणी नेत नाही' असे फक्त तीन ठिकाणी लिहिलेले होते. मंगल कार्यालयामागचा प्लॅस्टिकमिश्रित पत्रावळींचा ढीग, पावसाळ्यात भाजी मंडईत कुजणारा कोबी, आणि नाल्याच्या तोंडाशी साचणारा काळा गाळ. एका मुलीने त्या गाळापुढे कंसात लिहिले होते, 'वास येतो म्हणून.' बाईंनी ती वही ठेवून घेतली आहे; पुढच्या वर्षी प्रयोगासाठी कोबी आणायचा, असे त्यांनी ठरवले आहे.